पाखरांची मोजदाद आणि तलावकाठची माणसे

धानाची कापणी व मळणी उरकून ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांतील शेतकरी थोडासा मोकळा होतो. बांध्यांमध्ये लाखोळी आणि हरभरा डोके वर काढू लागतात. त्याच सुमारास गावोगावच्या तलावांवर दूरदेशीच्या पाखरांचे थवे स्थिरावलेले असतात. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, लालसरी, चक्रवाक अशी ही मंडळी सायबेरिया, मध्य आशिया आणि तिबेटचे पठार येथून हिमालय ओलांडून येतात व उन्हाची तिरीप वाढली की परत फिरतात. वैनगंगेच्या पलीकडे देसाईगंज, आरमोरी, चामोर्शी या भागांतही हिवाळ्याचे हेच चित्र असते. या पाहुण्यांची मोजदाद करण्यासाठी स्वयंसेवक हवेत, असे आवाहन हिवाळ्यात केले जाते. शहरांतील पक्षिमित्र आणि महाविद्यालयीन विद्यार्थी त्याला प्रतिसाद देतात, एखाद्या रविवारी दुर्बिणी घेऊन तलावांवर जातात, छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात आणि फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी विषय मागे पडतो.

या उपक्रमामागील हेतू निर्मळ आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न हेतूचा नसून रचनेचा आहे. मोजणीला किती माणसे जमली, यापेक्षा तीच माणसे त्याच तलावावर पुढल्या वर्षी आणि त्याच्याही पुढल्या वर्षी येणार आहेत काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे, तर त्याचे उत्तर शहरातील उत्साहात सापडणार नाही. ते तलावांच्या पाळीवर, तेथे राहणाऱ्या माणसांमध्ये शोधावे लागेल.

आकड्यांचे सामर्थ्य

हौशी माणसांनी पक्षी मोजण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत बंदुका घेऊन पक्षी टिपण्याच्या शर्यती लागत. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने १९०० साली सुचविले की, मारण्याऐवजी पक्षी मोजावेत. पहिल्या वर्षी २५ ठिकाणी अवघ्या २७ जणांनी ही मोजणी केली. ती आजतागायत खंड न पडता चालू आहे, आणि उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांच्या चढउताराचा तो एक मोलाचा दस्तऐवज ठरला आहे. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ मध्ये सुरू झाली. तिचाच भाग असलेली आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून होत आली आहे. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था तिच्या समन्वयाचे काम पाहते. ज्या डॉ. सलीम अली यांनी या देशाला पक्षी पाहण्याची शिस्त लावली, त्यांचे निधनही १९८७ सालीच झाले, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

गणनेसाठी जानेवारी महिना निवडण्यामागे व्यावहारिक विचार आहे. या दिवसांत स्थलांतराची धावपळ थांबलेली असते, पाखरे आपापल्या हिवाळी मुक्कामी स्थिर असतात आणि एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याचा धोका कमी असतो.

असे आकडे केवळ कुतूहल शमविण्यासाठी गोळा होतात, ही समजूत चुकीची आहे. पाणथळ जागांविषयीच्या रामसर करारानुसार एखाद्या जलाशयाला आंतरराष्ट्रीय महत्त्व देण्याचे जे निकष आहेत, त्यांपैकी दोन निव्वळ मोजणीवर उभे आहेत. त्या ठिकाणी नियमितपणे २० हजार किंवा त्याहून अधिक पाणपक्षी असावेत, अथवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या किमान १ टक्का पक्षी तेथे नियमितपणे यावेत. या वाक्यांतील ‘नियमितपणे’ हा शब्द कळीचा आहे. एका वर्षीच्या विक्रमी आकड्याला येथे किंमत नाही. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी यांना हा दर्जा मिळाला. पूर्व विदर्भ हा तलावांचा प्रदेश असूनही त्यातील एकही जलाशय या यादीत नाही. येथे पाखरे येतात की नाही हा वाद नाही. प्रत्येक तलावाच्या नोंदींची अखंड मालिका दाखविता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

तलाव कोणाचे?

हे तलाव निसर्गनिर्मित नाहीत, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती, असे परंपरा सांगते. कोहळी समाजाच्या पाणी अडविण्याच्या कौशल्यातून पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक लहानमोठे तलाव उभे राहिले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. सरंजामी हक्क गेला हे योग्यच झाले, पण त्याबरोबर तलावाच्या देखभालीची जुनी घडीही विस्कटली. तलाव शासनाचा झाला आणि पाळीवर माती टाकण्याचे काम कोणाचेच उरले नाही. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, काही ठिकाणी बुडीत क्षेत्रात शेते घुसली. धानाला शेवटचे पाणी, ढिवरांना मासळी आणि शिंगाडा, गुरांना उन्हाळ्यातील आधार आणि पाखरांना हिवाळ्यातील निवारा, हे सारे एकाच पाण्यावर अवलंबून आहे. तलाव खालावला की या चौघांचेही नुकसान होते. पाखरांची घटलेली संख्या ही म्हणूनच केवळ पक्षिप्रेमींची चिंता ठरत नाही. तलावाच्या प्रकृतीचा तो एक स्वस्त आणि डोळ्यांना दिसणारा दाखला आहे.

मोठ्या प्रकल्पांनी तर पाण्याचे सारे गणितच बदलत आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या कालव्यांनी आसोला मेंढासारख्या जुन्या तलावांना आपल्या जाळ्यात घेतले. गोदावरीवरील मेडिगड्डा बंधाऱ्याचे २०१९ मध्ये उद्‌घाटन झाले आणि सिरोंचाकडील नदीकाठ साठलेल्या पाण्याच्या छायेत आला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे खांब खचल्यामुळे पाणी सोडून द्यावे लागले. एका नदीपात्राची स्थिती चार वर्षांत दोनदा पालटली. अशा उलथापालथीत वाळूच्या पट्ट्यांवर उतरणाऱ्या पाणपक्ष्यांचे काय झाले, हे ठामपणे सांगायचे तर आधीची आणि नंतरची, अशी दोन्ही बाजूंची नोंद हाताशी असावी लागते. नुकसानीचा दावा करणाऱ्याकडे आधीचा आकडा नसेल, तर त्याचे म्हणणे कितीही खरे असले तरी ते पुराव्याअभावी निकालात निघते. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा अनुभवलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नजर अंदाजाची मर्यादा

येथे मोजणीच्या गुणवत्तेचा प्रश्न उपस्थित होतो. विदर्भाला नजर अंदाज पैसेवारी चांगली ठाऊक आहे. आरंभी डोळ्यांनी अंदाज, नंतर कापणीचा प्रयोग आणि शेवटी अंतिम पैसेवारी, असा तो क्रम असतो. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत जे अंतर पडते, त्यावरून दरवर्षी वाद होतात. पाखरांच्या थव्याबाबत मात्र सारे काही नजर अंदाजावरच भागवावे लागते. थव्यातील दहा किंवा पन्नास पाखरांचा एक गट नजरेत धरावयाचा आणि तसे किती गट होतात ते पाहावयाचे, ही त्याची पद्धत आहे. अशा अंदाजात चूक राहणारच. पण तोच माणूस त्याच जागेवरून, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने दरवर्षी मोजत असेल, तर त्याची चूकही बहुधा एकाच दिशेची राहते आणि दोन वर्षांची तुलना विश्वासार्ह ठरते.

समजा, एका तलावावर पहिल्या वर्षी सहा अनुभवी निरीक्षक गेले आणि त्यांना चारशे लालसरी दिसल्या. दुसऱ्या वर्षी दोन नवखे विद्यार्थी उशिरा पोहोचले आणि त्यांनी दीडशे नोंदविल्या. आता लालसरी घटल्या की निरीक्षक घटले? हा आकडा कोणत्याही उपयोगाचा नाही. किंबहुना तो नसता तर बरे, कारण छापलेल्या आकड्याला एक खोटी प्रतिष्ठा लाभते.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. शहरी स्वयंसेवक स्वाभाविकपणे तेथेच जातो, जेथे पाखरे भरपूर असतात आणि रस्ता चांगला असतो. जुनोना तलाव, इरई धरण, ताडोबाच्या आसपासचे जलाशय यांना भेटी होतात. कोरची किंवा एटापल्लीच्या वाटेवरील लहान तळ्याकडे कोणी फिरकत नाही. ज्या तलावावर गेल्या वर्षी काही दिसले नाही, तो या वर्षी यादीतूनच गळतो. वास्तविक ‘या तलावावर एकही पाखरू नव्हते’ ही नोंद सर्वांत मोलाची असते. शून्य हा देखील आकडाच आहे. तो लिहिला नाही, तर वाईट बातमी कागदावर कधी येतच नाही आणि जिल्ह्याचे चित्र दरवर्षी आहे त्यापेक्षा गोजिरे दिसते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. हौशी माणसांच्या श्रमाचे हे मोठेच यश होय. तथापि, जेथे निरीक्षकांची वस्ती दाट तेथे नोंदीही दाट, ही मर्यादा अशा प्रत्येक उपक्रमाला असते, आणि जंगलातील जिल्हे नेमके या मर्यादेच्या बाहेरच्या बाजूला पडतात.

मोजणारा कोण असावा?

यावर उपाय एकच आहे. तलावाजवळ राहणाऱ्या माणसानेच तलाव मोजला पाहिजे. ढिवर समाजातील माणूस पहाटे डोंगा घेऊन पाण्यात असतो. बारमाही राहणारी अडई कोणती आणि थंडीत येणारी पाखरे कोणती, हे त्याला पुस्तकावाचून कळते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात नवेगाव बांध आणि विदर्भातील इतर अरण्यांत जे ज्ञान वेचले, त्यातील मोठा वाटा अशाच माणसांकडून आलेला होता. पक्ष्यांची कितीतरी नावे त्यांनी रानातल्या माणसांच्या तोंडून ऐकून मराठीत आणली. त्यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. तो व्याख्याने आणि चित्रस्पर्धा यांपुरता न ठेवता, जानेवारीच्या मोजणीसाठी गावकऱ्यांच्या पूर्वतयारीचा सप्ताह केला, तर या दोघांचेही उचित स्मरण होईल.

अल्पशिक्षित माणसाच्या नोंदीवर विश्वास कसा ठेवावा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. या आक्षेपाला गडचिरोलीनेच उत्तर दिलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची तपासणी, उपचार आणि नोंद त्यांच्या हाती सोपविली. ३९ खेड्यांतील त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. २००१ मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने तर बालमृत्यूंचे सरकारी आकडे आणि प्रत्यक्ष यांतील दरी राज्यापुढे मांडली. जेथे एका बालकाच्या मृत्यूची नोंद विश्वासाने गावातील स्त्रीच्या हाती देता आली, तेथे थापट्या आणि तलवार बदक यांतील फरक शिकविणे अशक्य आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय, जे बदक ओळखता आले नाही ते ‘न ओळखलेले बदक’ म्हणून लिहिण्याची सोय गणनेच्या तक्त्यात असते. अज्ञान मान्य करणारी नोंद ही खोट्या आत्मविश्वासाच्या नोंदीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ होय.

तथापि, गावाने मोजावे असे म्हणताना गावाचा खर्च विसरता येणार नाही. नोकरदाराचा रविवार सुटीचा असतो. ढिवराचा किंवा शेतमजुराचा रविवार रोजीचा असतो. त्याला ‘सेवाभाव’ शिकवून एका सकाळची मजुरी बुडवावयास सांगणे म्हणजे गरिबाकडून वर्गणी घेण्यासारखे आहे. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून वाघ दिसण्याची वाट पाहण्यासाठी शहरातील माणसे पैसे मोजतात. त्या जिल्ह्यांत पाखरे मोजणाऱ्या गावकऱ्याला एका दिवसाचा मोबदला देता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. तीन-चार गावांत मिळून एक दुर्बीण, स्थानिक नावांचा सचित्र तक्ता, नोंदवही आणि मोजणाऱ्याचा मोबदला, एवढाच हा खर्च आहे. जिल्हा नियोजनाच्या तरतुदीत तो कोठे दिसणारही नाही.

शिक्षकांचा प्रश्न वेगळा आहे. जनगणना, मतदार यादी, निरनिराळी सर्वेक्षणे यांनी प्राथमिक शिक्षक आधीच वाकला आहे. त्याच्या डोक्यावर पाखरांची गणना परिपत्रकाने लादली, तर तक्ते टेबलावरच भरले जातील, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. ज्याला आवड आहे त्या शिक्षकाने स्वखुशीने यावे, ज्याला नाही त्याला मोकळे ठेवावे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरे मात्र हिवाळ्यातच खेड्यांत भरतात. गोंडवाना विद्यापीठाच्या परिघातील महाविद्यालयांनी दरवर्षी नवे गाव न शोधता एकच तलाव पाच वर्षांसाठी पत्करला, तर विद्यार्थी बदलले तरी तलाव बदलणार नाही. विद्यार्थ्यांनी लेखनिकाचे काम करावे आणि गावातील जाणत्याने निरीक्षकाचे.

सुरक्षिततेकडे काणाडोळा करून चालणार नाही. वाघांच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसे प्राणास मुकतात, अशा जिल्ह्यात पहाटेच्या अंधारात नवख्यांना झाडोऱ्यातून तलावाकडे धाडणे हा गुन्हाच ठरेल. ऊन वर आल्यावर, पाळीवरून, गटाने आणि वनरक्षकाला कळवूनच मोजणी व्हावी. एखाद्या तलावावर वाघाचा वावर असेल, तर त्या वर्षी ‘मोजणी झाली नाही’ असे लिहावे. ते शून्यापेक्षा वेगळे आहे आणि वेगळेच लिहिले पाहिजे.

आकडा गावाला परत मिळावा

या साऱ्याच्या मुळाशी एक भीती आहे. तिचा उच्चार बैठकांतून होत नाही, पण गावात ती असते. आपल्या तलावावर पाखरे फार आहेत असे कागदावर आले, तर उद्या मासेमारी बंद होईल, अभयारण्याची पाटी लागेल, ही ती भीती. ती निराधार नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सारे आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली, आणि पुढे ते क्षेत्र कितीतरी कमी करावे लागले. माळढोक मात्र वाचला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीच्या माळरानावरही हा पक्षी होता, हे येथील जुन्या माणसांना आठवत असेल.

याउलट शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात सारस पक्ष्यांच्या गणनेत स्वयंसेवकांबरोबर शेतकरीही सामील झाले. सारसाचे घरटे आपल्या बांधीत आहे, याचा त्यांना अभिमान वाटू लागला. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मांडण्यासाठी वर्षानुवर्षांचे आकडे उपलब्ध होते. पक्षी तोच प्रश्न घेऊन येतो, पण मोजणारा कोण आणि आकडा कोणाच्या हातात, यावर उत्तर बदलते.

म्हणून मोजणीचा तक्ता मुंबईला किंवा नागपूरला पाठविण्यापूर्वी तो ग्रामसभेत वाचून दाखविला पाहिजे आणि त्याची एक प्रत गावातच राहिली पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. तलावाचे जानेवारीचे पान त्याच वहीत असावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यास गट चालवून, निर्णय ग्रामसभेत घेऊन, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबू विक्रीचा अधिकार वापरला. आपल्या साधनसंपत्तीची माहिती ज्या गावाकडे असते, ते गाव तिच्याविषयी अधिकाराने बोलू शकते, हा त्या अनुभवाचा धडा आहे. तलावाच्या बाबतीत तो लागू न पडण्याचे कारण नाही. गाळ काढण्याची मागणी, बुडीत क्षेत्रातील अतिक्रमणाची तक्रार, कालव्यातून पाणी सोडण्याच्या वेळेचा आग्रह, या प्रत्येक वेळी दहा वर्षांची वही ही दहा निवेदनांपेक्षा वजनदार ठरेल.

संयोजकांनी यंदा किती स्वयंसेवक आले, किती जाती दिसल्या, हे अभिमानाने जरूर सांगावे. परंतु त्यांनी आणखी तीन आकडे त्यासोबत प्रसिद्ध करण्याची शिस्त पाळावी. गेल्या वर्षीच्या तलावांपैकी किती तलाव यंदा पुन्हा मोजले गेले, गेल्या वर्षीच्या निरीक्षकांपैकी किती जण त्याच जागी परतले, आणि किती तलावांवर शून्य नोंदले गेले. पहिल्या वर्षी हे आकडे फारसे भूषणावह नसतील. पण त्यांत दरवर्षी थोडी जरी सुधारणा झाली, तरी पाच-सात हिवाळ्यांनंतर या दोन जिल्ह्यांच्या हाती अशी एक वही असेल, जी कोणत्याही कार्यालयात, कोणत्याही न्यायालयात उघडता येईल. तलावाकाठच्या माणसाच्या हस्ताक्षरात ती लिहिलेली असेल, आणि म्हणूनच ती सहजासहजी बाजूला सारता येणार नाही.